आतून फिरणारं चाक

आमच्या गावात वीज नव्हती, पण वीजवाला होता. लोक त्यांना ‘लायटवाले तात्या’ म्हणत. ह्या नावात टोमणा होता, पण तात्यांनी तो कधी मनाला लावून घेतला नाही. उलट कुणी नवखा घर विचारत आला की ते स्वतःच ओट्यावरून ओरडत, “लायटवालो तो मीच! लायट तेवढी येवची रवली आसा!” ह्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं आगबोटींवर काढलेली. बोटीवरच्या मोटारी, पंखे, दिवे सांभाळायचं काम. ज्याच्या हाताने आफ्रिकेच्या आणि जपानच्या बंदरांत दिवे लागले, तो आमच्या गावात रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसत बसे. ह्याचा मला तेव्हा राग येत असे. अजून येतो.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक चुंबक असायचा, घोड्याच्या नालेसारखा, आणि त्याच्या दोन्ही तोंडांवर लोखंडाची एक पट्टी कायम चिकटवलेली. गप्पा मारता मारता ती पट्टी काढायची, समोर असेल त्या वस्तूला चुंबक लावून बघायचा आणि पट्टी लगेच परत बसवायची. हंड्याला, कडीकोयंड्याला, देवळातल्या समईला. एकदा त्यांनी भर सभेत सरपंचांच्या छातीवरच्या बिल्ल्याला चुंबक लावला आणि मोठ्याने जाहीर केलं, “लागणा नाय. पितळ!” सरपंच त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. तात्यांना त्याचं काही नव्हतं. ती पट्टी मात्र ते कधी विसरत नसत. “चुंबकाक मोकळो ठेवलो तर तो खंगता,” ते म्हणायचे. “तेका धरूक कायतरी लोखंड होया. लोखंड आसला की तो म्हातारो होना नाय.”

मी तेव्हा विशीत होतो. आम्हा काही पोरांनी मंडळ काढलं होतं. मालवणच्या छापखान्यातून पत्रकं छापून आणायची आणि गावोगाव वाटायची. वीज पाहिजे, रस्ता पाहिजे, डॉक्टर पाहिजे. विजेच्या पत्रकावर सही घ्यायला मी तात्यांकडे गेलो. वाटलं, हा माणूस तरी धावत येईल. त्यांनी पत्रक हातात घेतलं आणि वाचून हसायला लागले.

“ह्या ‘विजेचा लखलखाट’ म्हंजे काय रे? किती व्होल्टाचो?”

“तात्यानु, ती लिहायची भाषा आसा.”

“भाषेन बल्ब पेटता काय? मेल्या, लायट कशाक होयी ता लिव. माझ्या बायलेक घराभायर पडाक होयी, असा लिव. मगे सही करतंय.”

मी म्हटलं, पत्रकात असं लिहीत नाहीत. ते म्हणाले, “मगे तुझा पत्रक पण पितळ.” सही केली नाहीच. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो, आणि त्यांनी माझं नाव ‘पत्रक्या’ ठेवलं.

त्यांची बायको, म्हणजे आमची काकी, माहेरची कुणकेश्वरची. आमच्या पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूत, उभं राहिलं की उत्तरेला त्या देवळाचा कळस दिसतो, इतकं जवळ. तात्या बोटीवर असताना तिला ताप आला. ताप उतरला, पण पाय गेले. दिसायला होते, हुकूम ऐकत नव्हते. डॉक्टर कुठे, तर देवगडला. तिथवर न्यायला रस्ता? नव्हता. तात्यांना तार मिळाली तेव्हा बोट परक्या बंदरात उभी होती, आणि ते घरी पोचले तोवर काकी बसल्या बसल्या सरकत चुलीपर्यंत जायला शिकली होती. तात्यांनी बोट सोडली ती तेव्हापासून.

काकीच्या तोंडून रडगाणं मी कधी ऐकलं नाही. शिव्या पुष्कळ ऐकल्या. एका महाशिवरात्रीला तिच्या भावांनी तिला खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन पुळणीच्या वाटेने कुणकेश्वरच्या जत्रेला नेलं. त्यांना वाटलं, बहीण खूश होईल. परत आल्यावर दोन दिवस ती चुलीपाशी भांडी आपटत राहिली. मग तात्यांना म्हणाली, “वाटेत लोकांनी माका हात जोडल्यानी. बाजूक झाले नि हात जोडल्यानी! मी देव नाय नि मडा पण नाय. ह्याच्याफुडे माका कोणी उचललेला चालाचा नाय. जातलंय तर माझी मी जातलंय. नायतर हंयच बरी.”

काकीला आपली आपण जाता येईल अशी खुर्ची बनवायच्या तात्यांच्या सगळ्या खटाटोपाचं मूळ एवढंच. गावाने त्याला वेड म्हटलं, तालुक्याच्या एका साहेबाने ‘रिकामटेकडेपणा’ म्हटलं. त्या साहेबाच्या कचेरीत परदेशी यंत्रांच्या रंगीत चित्रांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. चित्रातल्या यंत्राचं कौतुक, आणि आमच्या ओट्यावर जे यंत्र जन्माला येत होतं त्याला नाव ठेवायची! असो.

खुर्चीला सायकलची दोन चाकं आणि मागे एक लहान वळतं चाक लावणं सोपं होतं. ते गावच्या सुताराने करून दिलं. पण ती खुर्ची हाताने फिरवायची तर वाळूत काकीचे दंड भरून येत. मोटर हवी. मोटर म्हटली की साखळी आली, नाहीतर पट्टा आला. तात्या म्हणाले, “साखळी लुगडा खातली, आणि लुगडा फाटला की ही माका खातली.” म्हणून मोटर चाकाच्या आतच बसवायची.

हे त्यांना सुचलं ते त्यांच्या एका खोडीमुळे. प्रत्येक गोष्ट उलटी करून बघायची त्यांना सवयच होती. सदरा उलटा करून वाळत घालायचे. वर्तमानपत्र शेवटच्या पानाकडून वाचायचे. वाद तर नेहमीच उलटा घालायचे. मी म्हणे, सरकार वीज देत नाही. ते म्हणत, “उलटा करून बघ. आमी मागतो तरी काय? ‘लखलखाट’!” मोटरसुद्धा त्यांनी अशीच उलटी केली. साध्या मोटरीत बाहेरचं घर जागच्या जागी असतं आणि आतला दांडा फिरतो. तात्यांच्या चाकात दांडा खुर्चीला घट्ट बसवलेला, त्याच्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी. आणि सभोवती चुंबक लावलेला लोखंडी डबा, तो चाकासकट फिरणार. आतला थांबलेला, बाहेरचा फिरता.

चुंबक मिळवणं ही वेगळीच मोहीम होती. विकत मिळायचे नाहीत. नांदगावच्या तिठ्यावर मोडक्या लॉऱ्या पडलेल्या असत; त्यांच्या इंजिनातून जुने मॅग्नेटो काढून घ्यायचे, त्यांच्या पोटात चुंबक असत. दशावताराच्या वेळी लावायचा एक कर्णा फाटला, त्याच्या पोटातला चुंबक तात्यांनी भांडून घेतला. कुडाळच्या बाजारात भंगाराच्या ढिगात एका विलायती सायकलचं चाक होतं. मी सोबत होतो. त्या चाकाच्या मध्यातच दिव्यासाठी डायनामो होता: चाक फिरलं की दिवा लागायचा. तात्या तिथेच धुळीत मांडी घालून बसले. “आता उलटा करून बघूया. दिव्याच्या जागेर बॅटरी लावया.” समोरच्या लॉरीवाल्याला गयावया करून त्याच्या बॅटरीच्या दोन तारा त्यांनी आणल्या आणि चाकाला टेकवल्या-उचलल्या, टेकवल्या-उचलल्या. चाक फिरलं नाही, पण दर वेळी थरथरलं. तात्यांनी माझा हात ओढून चाकावर ठेवला. “बघ. जित्ता आसा.” परत येताना एस.टी.त ते चाक त्यांनी मांडीवर घेतलं होतं, तान्ह्या पोराला घेतात तसं. कंडक्टरने टपावर टाका म्हटलं, तर त्याच्याशीही भांडले.

चाक फिरवायचं कसं हे त्यांनी मला समजावलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली की ते वेटोळंही चुंबक बनतं आणि समोरच्या चुंबकाला ओढतं. पण चुंबक तिथे पोचला की चिकटून बसणार. तेव्हा तो पोचायच्या आत ह्या वेटोळ्याची वीज तोडायची आणि पुढच्या वेटोळ्याची जोडायची. हे जोडतोडीचं काम लॉरीच्या इंजिनातला ठिणगी पाडणारा पॉइंट करायचा.

“समाजला मा? जवळचा दाखवूचा, पण हाताक लागूक देवचा नाय. मगे फुडचा दाखवूचा. तो धावत रवता.” मग माझ्याकडे बघून डोळा मिचकावून म्हणाले, “दर निवडणुकीक तुमचे पुढारी वेगळा काय करतत रे? औंदा खांब दाखवल्यानी, मगे तार दाखवतीत. तू धावतस तसो ह्यो धावता.”

मी रागावलो. आठवडाभर ओट्यावर गेलो नाही. मग गेलो, कारण खरं होतं.

पहिल्या चाकात वेटोळ्यांचे दोनच गट होते. अंगणात काकीला बसवलं, तिने बटण दाबलं. काही नाही. तात्यांनी हळूच धक्का दिला, तशी खुर्ची निघाली आणि माडाच्या बुंध्यापर्यंत गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकी थांबली, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काही नाही. चुंबक दोन गटांच्या बरोबर मध्ये आला की त्याला इकडे ओढ ना तिकडे. तात्या त्याला ‘मेली जागा’ म्हणत. त्यांनी परत धक्का द्यायला हात पुढे केला.

काकीने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. “ढकलूकच होया तर मगे नुसतो घोव काय वायट होतो?”

तात्यांचा हात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी तार उलगडली आणि तीन गटांची वेटोळी गुंडाळायला घेतली, म्हणजे चाक कुठेही थांबलं तरी एखादा गट ओढायला असणारच. रस्त्याने जाणारे विचारत, “तात्या, चाक चालला?” तात्या सांगत, “चलता, पण बायलेक पसंत नाय.” तार गुंडाळताना मध्येच कधीतरी दूर समुद्रावर मुंबईच्या आगबोटीचा भोंगा वाजायचा. तेवढ्यापुरता त्यांचा हात थांबायचा. मग म्हणायचे, “आज उशीर केल्यान,” आणि पुन्हा वेढे मोजायला सुरुवात करायचे, पहिल्यापासून. आत चुलीपाशी बसलेली काकी ते ऐकायची.

तीन गटांची दोन चाकं तयार झाली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर एकेक बटण. दोन्ही दाबली की सरळ जायचं. डावं सोडलं की डावीकडे वळायचं, उजवं सोडलं की उजवीकडे. बसायच्या फळीखाली लॉरीची बॅटरी. ती भाताच्या गिरणीच्या इंजिनावर भरून आणायची. काकी अंगणात फिरली, पाणंदीत फिरली, शेजारणीच्या दारात जाऊन भांडण करून आली. कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच्या दारात जाऊन भांडायला मिळालं म्हणून तिचा चेहरा असा फुलला होता की शेजारीणच हसायला लागली. मग शिवरात्र आली.

पुळणीची वाट सुकतीच्या वेळी चांगली असते. पाणी ओसरलं की ओली वाळू अशी घट्ट बसते की तिच्यावरून सायकल जाते. काकी नवं लुगडं नेसून, डोक्यात वळेसार माळून खुर्चीत बसली. “माझ्यावांगडा कोणी चलाचा नाय,” तिने बजावलं. “मागसून येवा, लांबसून.” म्हणून तात्या आणि आम्ही मंडळाची पोरं चांगलं अंतर ठेवून चाललो होतो. जत्रेला जाणारी माणसं तिच्या बाजूने जात होती. कुणी हात जोडले नाहीत. एका म्हातारीने विचारलं, “गो, ह्या खंय गावला?” काकी म्हणाली, “घोवान केल्यान!” ते ऐकून तात्यांनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला.

अर्धी वाट झाली आणि खुर्ची डावीकडे वळायला लागली. मग गोल फिरायला लागली. मग डावं चाक थांबलं. आम्ही धावलो. तात्या गुडघ्यांवर बसले, चाकाच्या मध्यावर हात फिरवला आणि तळवा आमच्यापुढे धरला. काळाकुट्ट. बारीक, चकाकणारी काळी वाळू.

आमच्या पुळणीतली ती काळी रेघ जन्मापासून आम्ही बघत आलोय. लाट मागे गेली की पांढऱ्या वाळूवर काळ्या वाळूची नक्षी उरते. पोरं तिच्यात चुंबक फिरवतात आणि त्याला मिशा आणतात. तात्यांनीही लहानपणी तेच केलं असणार. जगातली बंदरं फिरलेल्या माणसाला आपल्याच दारापुढची वाळू आठवली नाही. चाक वाळू उचलत होतं, वर नेऊन आपल्याच मध्यावर टाकत होतं. पांढरी गळून जात होती आणि काळी चुंबकाला चिकटून, फटीतून आत शिरून, साठत होती. वरून पितळेचं झाकण होतं, पण पितळ चुंबकाला अडवत नाही. हे सांगायला तात्यांना कुणाची गरज नव्हती. तेच तर ते जन्मभर सगळ्यांना सांगत आले होते.

त्यांनी पाना काढला. पेच सैल केले. आणि हात थांबला. डबा वेटोळ्यांवरून ओढून काढला की चुंबक मोकळे पडणार. घरी तो काढताना ते आत लोखंडाचं एक कडं सरकवत, मगच डबा ओढत. कडं घरी राहिलं होतं. इथे उघडलं तर वाळू निघेल, काकी कदाचित देवळापर्यंत पोचेल. पण चुंबकांचा जीव जाईल आणि नवे कुठून आणायचे ते देव जाणे. पाणी मघापेक्षा जवळ आलं होतं. भरती लागली होती.

“उघडतंय,” तात्या म्हणाले. कुणाकडे न बघता म्हणाले. “तू जा गो. फुडचा फुडे बघू.”

काकी कळसाकडे बघत होती. मग तिने वाकून त्यांच्या हातातला पाना काढून घेतला.

“उघडू नकात,” ती म्हणाली. “एक दिवस देवाक दाखवूसाठी सगळो जल्म फुकट घालवतास?” आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “काय बघतास रे मेल्यांनु? उचला माका.”

आम्ही कुणी हललो नाही. तिच्या तोंडून हा शब्द येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

“उचला म्हणतंय मी!”

आम्ही उचललं. बॅटरी काढून एकाने डोक्यावर घेतली, खुर्ची आमच्या खांद्यावर, आणि तोंड घराकडे. जत्रेला जाणारी माणसं समोरून येत होती, बाजूला होत होती. काकीने पदर डोक्यावरून पुढे ओढला नाही. ताठ बसली, समोर बघत. तात्या मागून येत होते, हातात दोन्ही वाहणा घेऊन. वाटेत एकदाही त्यांनी मान वर केली नाही.

पुढचे कितीतरी दिवस ते ओट्यावर नुसते बसून असत. मी तावातावाने बोलायचो: इथे साधा रस्ता असता तर वाळूत जावंच लागलं नसतं, चूक तुमची नाही, राज्य करणाऱ्यांची आहे. ते म्हणायचे, “रस्त्याचा तू बघ. वाळू माझी आसा.” हा माणूस कुणालाच आपली चूक देत नसे.

शेवटी काकीनेच एकदा माशाचं कालवण ढवळता ढवळता आतून विचारलं, “अवो, बोटीचो पंखो पाण्यात फिरता मा?”

“फिरता.”

“आणि तेचो दांडो बोटीसून भायर जाता?”

“जाता.”

“मगे थंयसून बोटीत पाणी कसा येना नाय?”

तात्या उठून आत गेले, परत बाहेर आले, अंगणात एक फेरी मारली. मग ओरडले, “पत्रक्या! दोरी आण! सुताची दोरी नि चरबी!” बोटीचा दांडा जिथून बाहेर पडतो तिथे चरबीत भिजवलेल्या दोरीचे वेढे दाबून बसवतात, दांडा फिरतो, पाणी आत येत नाही. बोटीवर हे काम त्यांच्या डोळ्यांपुढे शेकडो वेळा झालेलं. त्यांनी चाकाच्या दोन्ही बाजूंनी तसेच वेढे बसवले. काळी वाळू बाहेरून चिकटायची ती चिकटायचीच. चाकाला दाढी यायची. ती काथ्याच्या कुच्याने काकी स्वतः झाडायची. आत कण जायचा नाही.

पुढच्या शिवरात्रीला काकी गेली. ह्या वेळी तिने आम्हालाच काय, तात्यांनाही मागून येऊ दिलं नाही. “बाजारात जाणाऱ्या बायलेच्या पाठसून घोव जाता काय?” तात्या ओट्यावर बसले. मी त्यांच्यासोबत. त्या दिवशी ते काही उलटं बोलले नाहीत, काही तपासलं नाही, माझ्याशी भांडलेसुद्धा नाहीत. उन्हं कलली तेव्हा पाणंदीतून खुर्ची आली. काकीच्या मांडीवर माहेरची फणसपोळी, खाज्याची पुडी आणि भाच्याने घेऊन दिलेल्या हिरव्या बांगड्या. ती म्हणाली, “देवळात लय गर्दी. माका कोणी वाट देना नाय!” आणि हसत सुटली. लोकांनी तिला वाट दिली नाही, तिच्याशी धक्काबुक्की केली, ह्याचाच तिला आनंद झाला होता. तात्याही हसले. मग उठून परसात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मला वाटलं होतं, आता खरी सुरुवात. मी तात्यांचा पिच्छा पुरवला: अशा गाड्या करू, मंडळातर्फे निवेदन देऊ, कोळणींच्या टोपल्यांसाठी हातगाड्यांना चाकं बसवू. तात्या हो म्हणायचे आणि तेवढ्यात भोंगा वाजला की थांबायचे. एका सकाळी मी ओट्यावर असतानाच काकीने खुर्ची दारात आणून उभी केली.

“माका चाक झाला,” ती म्हणाली. “तुमका काय झाला?”

“माका काय होवचा आसा? मी हंय बरो आसय.”

“बरे! भोंगो वाजलो की तुमचो हात थांबता. मी पायान लंगडी, कानान न्हय. बोटीर अजून घेतत तुमका?”

“घेतीत... पण तू...”

“मी काय? मी शेजारणीवांगडा भांडान.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, काकीनु, तात्यांची इथे गरज आहे, काम केवढं मोठं आहे, तुम्ही त्यांना पाठवता कशा? काकीने माझ्याकडे रोखून बघितलं. “तुझी गरज वेगळी रे झिला,” एवढंच म्हणाली.

शेवटी तात्या निघाले: देवगडपर्यंत माशांच्या होडीने, तिथून बोटीने मुंबई. सुकती होती. काकी ओल्या वाळूवर अगदी पाण्याच्या कडेपर्यंत गेली. तात्या गुडघाभर पाण्यातून होडीत चढले, ट्रंक घेतली, आणि तिथून ओरडायला लागले.

“बॅटरीत पाणी पावसाचाच घाल गो! बावीचा नको!”

“ठावक आसा!”

“दोरीक चरबी लावत रव!”

“लावतंय!”

“आणि पत्रक्याक सांग...”

“जावा आता! सुकती सरात!”

तात्यांना मला काय सांगायचं होतं ते कळलंच नाही. होडी पुढे गेली. मला वाटलं काकी बघत राहील. तिने एक बटण सोडलं, खुर्ची वळवली आणि घराकडे निघाली. मीच तिथे उभा होतो, होडी दिसेनाशी होईपर्यंत.

दोनदा ते सुट्टीवर आले, नवे चुंबक घेऊन, कुठल्या कुठल्या बंदरांतून. अंगावर पुन्हा बोटीचा वास, चाल पुन्हा डुलती, आवाज पूर्वीहून मोठा. ओट्यावर एवढा आनंदी माणूस मी तोवर बघितला नव्हता. तिसऱ्यांदा तार आली. बोटीवरच, झोपेत गेले. वाटेतल्याच एका परक्या बंदरात त्यांना अग्नी दिला.

मंडळाने शोकसभा ठरवली आणि पत्रक मी लिहिलं. माझ्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं? लिहिताना डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं आणि राग मावत नव्हता. ‘थोर संशोधक’ लिहिलं. ‘परदेशात जन्माला आले असते तर’ असं लिहिलं. ‘अनास्थेचा बळी’ लिहिलं. छापायला देण्याआधी काकीला वाचून दाखवायला गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

“बळी? कोणी घेतल्यान बळी?”

“काकीनु, ह्या गावान, ह्या सरकारान तेंची कदर केली असती तर ते कशाक बोटीर गेले असते?”

“काढ ता,” काकी म्हणाली. “थोर पण काढ. भांडकुदळ होते ता लिवलंस?”

“नाय.”

“ता लिव. आणि बोटीर जावक तेंका कोणी भाग पाडूक नाय. तेंका जावचा होता.” समुद्राकडचं दार उघडंच होतं. “लिव, मी धाडलंय तेंका.”

मी आधीचं सगळं खोडलं आणि तिने सांगितलं तेवढंच कागदावर ठेवलं. मंडळात कागद हातोहात फिरला. कुणीतरी विचारलं, “ह्यात आपली मागणी काय?”

मी म्हटलं, “काय नाय. छापा.”